दिवसभराची पूल स्पर्धा: संध्याकाळपर्यंत डोकं आणि अंग ताजं कसं ठेवता?

कोनाडा

नमस्कार मंडळी. इथे क्रिकेट-बुद्धिबळावर भरपूर लिहिलं जातं, स्नूकरवरही अधूनमधून. पूलवर मात्र कोणी फारसं लिहीत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

मी पुण्यात नाइन-बॉल खेळतो. शनिवार-रविवारच्या स्पर्धांचं स्वरूप ठरलेलं असतं: सकाळी दहाला हजेरी, डबल एलिमिनेशन (दोनदा हरलं की बाहेर), रेस टू सेव्हन (आधी सात डाव म्हणजे रॅक जिंकेल त्याचा सामना). पहिले दोन सामने झकास होतात. मग तीन-साडेतीन तास नुसतं बसून राहायचं. संध्याकाळी साडेसहा-सातला नाव पुकारलं जातं तेव्हा हात सकाळचा राहिलेला नसतो. कट जाड लागतात. पांढरा बॉल हवा त्याच्या वीतभर पुढे पळतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे समोर सोपा नऊ नंबर (जो टाकला की डाव जिंकला) असताना मनात येतं, 'चला, उरकून टाकू.'

प्रश्न तंत्राचा नाही. हाच शॉट सकाळी अकराला जातो. प्रश्न दिवस कसा काढायचा हा आहे. काय खाता, कधी खाता? चहा-कॉफीचं काय? मधल्या वेळात काय करता? सल्ले हवेत, पण स्वतः करून पाहिलेले.

निळाचॉक

+१. धागा वाचनखुणेत टाकला. मला अगदी हेच विचारायचं होतं.

रांगडा_कोल्हापूर

भावा, लय सोपं हाय. सकाळी मिसळ हाणायची आन् सुटायचं. दिवसभर भूक लागत न्हाई.

अवंती_के

@रांगडा, भूक लागत नाही हे खरं, पण त्या तर्रीनंतर क्यूवर (खेळायच्या काठीवर) हनुवटी टेकवून वाकायचं म्हणजे काय होतं ते विचारा! छातीत जळजळ सुरू होते. पूलमध्ये दर शॉटला पोट दाबलं जातं, हे खाण्याचं ठरवताना लक्षात ठेवायला हवं. तेलकट, तिखट, पोटभर असं काहीही खाऊन वाकता येत नाही.

मी सकाळी घरून उपमा नाहीतर थालीपीठ खाऊन निघते. डब्यात केळी, खजूर, शेंगदाण्याची चिक्की. दर सामन्यानंतर थोडंसं, भूक लागायच्या आधीच. जेवण असं दिवसभरात घेतच नाही. ते रात्री, सगळं संपल्यावर.

रांगडा_कोल्हापूर

ताई, हे पटलं. मिसळ रविवारी रात्री, जिंकल्यावर. :)

मंजिरी_फिजिओ

मी खेळत नाही, पण माझा नवरा खेळतो आणि माझ्याकडे येणाऱ्यांत क्यू घेऊन येणारेही आहेत. दोन गोष्टी लिहिते.

पहिली, कंबर. पूल हा 'न दमवणारा' खेळ आहे असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात माणूस दिवसभर वाकतो आणि उठतो, शिवाय टेबलाभोवती फेऱ्या घालतो. बहुतेक जण पाठ गोल करून वाकतात. वाकायचं खुब्यातून, पाठ लांब ठेवून, आणि भार दोन्ही पायांवर. सकाळी फरक जाणवत नाही. संध्याकाळी कंबर भरून आली की शरीर आपोआप वाकणं टाळायला लागतं. मग डोकं उंच राहतं, नजरेचा कोन बदलतो आणि खेळाडू म्हणतो, 'आज माझा एम (नेम) गेला.' एम गेलेला नसतो, मांड्या गेलेल्या असतात.

दुसरी, मान. हनुवटी क्यूशी आणि नजर समोर, म्हणजे मान मागे मोडलेली. दोन सामन्यांच्या मध्ये मोबाइल बघत बसलात की तीच मान उलट्या दिशेला तास-दोन तास. मानेला विसावा असा मिळतच नाही. मोबाइल बघायचाच असेल तर डोळ्यांच्या उंचीला धरा. त्याहून बरं म्हणजे खिशात ठेवा आणि बाहेर एक चक्कर मारून या.

आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट आणि प्लँक केलेत तर दोन-तीन महिन्यांत संध्याकाळचा खेळ सुधारल्याचं तुम्हालाच कळेल. नवऱ्याच्या बाबतीत कळलं.

जुनाजाणता

मंजिरीताईंचं मांड्यांचं वाक्य लाखमोलाचं आहे.

मी मूळचा बिलियर्ड्सवाला. आमच्या वेळी जिमखान्यात मार्कर मंडळी (टेबलाशी गुण मोजणारे) शिकवायची. एका मार्करने मला पहिली गोष्ट शिकवली ती क्यू धरायची नव्हे, खुर्चीत बसायची. पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर, क्यू उभा, नजर टेबलावर पण चेहरा सैल. प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक शॉट मनात खेळायचा नाही. तो चुकावा अशी वाटही बघायची नाही. फक्त बॉल कुठे थांबले तेवढं बघायचं.

गीत सेठींनी १९९२ च्या जागतिक व्यावसायिक बिलियर्ड्स स्पर्धेत १,२७६ गुणांचा ब्रेक केला (म्हणजे एकाच पाळीत सलग तेवढे गुण), तो आजही कौतुकाने सांगितला जातो. मला नेहमी वाटतं की त्या वेळी समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाची परीक्षाही तितकीच कठीण असणार. बिलियर्ड्समध्ये खुर्चीत बसणं हा खेळाचाच भाग आहे. पूलमध्ये तुमचा प्रतिस्पर्धी तीन रॅक सलग काढून जातो तेव्हाही तेच. पाय हलवत, दात खात, जिवाची उलघाल करत बसलात की उठेपर्यंत निम्मी ताकद संपलेली असते.

कोनाडा, तुम्ही विचारलंय खेळताना ताजं कसं राहायचं. मी म्हणेन, न खेळताना कमी खर्च कसं व्हायचं ते आधी बघा. दहा ते दहाच्या दिवसात तुम्ही टेबलाशी प्रत्यक्ष उभे असता तो वेळ मोजून बघा. फार थोडा निघेल.

कोनाडा

काका, हे एकदम जागेवर बसलं. माझे ते तीन तास इतरांचे सामने बघण्यात जातात. त्यात आपण दमतो हे लक्षातच आलं नव्हतं.

निळाचॉक

पण सामने बघितले नाहीत तर पुढचा प्रतिस्पर्धी कसा खेळतो हे कळणार कसं? मी तर वहीत लिहून ठेवतो. ब्रेक (रॅक फोडणारा पहिला शॉट) कुठून करतो, सेफ्टी (समोरच्याला अवघड जागा सोडणारा शॉट) खेळतो की नुसता धोपटतो.

जुनाजाणता

एक-दोन रॅक बघा, वहीत लिहा आणि उठा. पूर्ण सामना बघायला लागलात की कोणाची तरी बाजू घेता, आणि मग मनातल्या मनात खेळायला लागता.

घोडदौड

मी बुद्धिबळवाला, आगंतुक आहे. आमच्याकडेही हेच. कारपोव्ह-कास्पारोव्ह यांची १९८४ मध्ये सुरू झालेली जगज्जेतेपदाची लढत ४८ डावांनंतर फेब्रुवारी १९८५ मध्ये निकालाविना थांबवली गेली, आणि तोवर कारपोव्हचं वजन दहाएक किलो उतरलं होतं असं सांगतात. नुसतं बसून विचार करूनही शरीर झिजतं. आमचे प्रशिक्षक मुलांना डाव संपला की लगेच चर्चा करू देत नाहीत. आधी पाणी, मग पाच मिनिटं उघड्यावर, मग बोलायचं ते बोला.

लुईव्हिलकर

घोडदौड यांची 'उघड्यावर पाच मिनिटं' मला फार पटली, कारण इथल्या हॉलांत बाहेर दिवस आहे की रात्र तेच कळत नाही.

मी केंटकीत राहतो. दर जानेवारीत ओहायो नदीच्या पलीकडे, इंडियाना राज्यात, डर्बी सिटी क्लासिक भरते. स्पर्धा १९९९ पासूनची. बँक पूल, वन पॉकेट आणि नाइन-बॉल असे पूलचे तीन मुख्य प्रकार एकामागून एक, नऊ-दहा दिवस. तिन्हींत मिळून सर्वांत चांगली कामगिरी करणाऱ्याला 'मास्टर ऑफ द टेबल' हा किताब. फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेस यांनी तो अनेकदा मिळवला. हौशी लोकही पैसे भरून उतरू शकतात, एकदा हरलात तर पुन्हा पैसे भरून परत येता येतं. त्यामुळे गर्दी अफाट. फेरी रात्री बाराला सुरू झाली तरी कोणाला नवल वाटत नाही. मी प्रेक्षक म्हणून जातो आणि छोट्या गटात खेळलोही आहे.

तिथे एक गोष्ट नीट पाहिली. मोठे खेळाडू हॉलमध्ये दिसतच नाहीत. सामना संपला की क्यू पेटीत, पेटी खांद्यावर, आणि थेट खोलीवर. नाव लागायच्या वेळेला बरोबर हजर. दिवसभर हॉलमध्ये कोण असतं? माझ्यासारखे. जुनाजाणता काका म्हणतात तेच.

आणखी एक. अमेरिकेचा पूलपटू शेन व्हॅन बोएनिंग, त्याला जन्मापासून ऐकू कमी येतं. तो श्रवणयंत्र लावतो आणि सामन्यात ते बंद करून टाकतो, हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. पाच वेळा यूएस ओपन आणि २०२२ मध्ये जागतिक नाइन-बॉल जिंकलेला माणूस आहे. आपल्याला तसं बटण नाही, पण आवाजाने माणूस दमतो हे त्यावरून मला उमगलं. मी दोन सामन्यांच्या मध्ये कानात साधे फोमचे बोळे घालतो. गाणी नाहीत, काही नाही. तासाभराची शांतता मिळाली की डोकं हलकं होतं.

निळाचॉक

सामन्यात चालतात का असे बोळे?

पंचमहाशय

आमच्या स्पर्धेत बोळे चालतात, इअरफोन नाही. प्रत्येक ठिकाणी नियम वेगळा, आधी विचारा.

आता आयोजकांच्या बाजूने थोडं लिहितो, कारण 'तीन-साडेतीन तास बसवून ठेवतात' ही तक्रार मी दर वेळी ऐकतो. गणित बघा. ६४ खेळाडू, डबल एलिमिनेशन. विजेता सोडून उरलेले ६३ जण प्रत्येकी दोनदा हरले पाहिजेत, म्हणजे १२६ सामने. विजेताही एकदा हरलेला असेल तर १२७. माझ्याकडे टेबलं सहा. एक सामना तासाचा धरला तर एकही टेबल एक मिनिटही रिकामं न राहता २१ तास लागतात. दोन दिवसांत विभागले तरी रोज साडेदहा तास. त्यात एक जण 'पार्किंग मिळत नाहीये' म्हणतो, दुसरा जेवायला गेलेला असतो. तासाचा सामना दीड तास चालतो. नाइन-बॉलमध्ये रेस टू सेव्हन शेवटच्या रॅकपर्यंत गेली तर १३ रॅक होतात, आणि त्यात दोघंही सेफ्टीवाले असले तर बघायलाच नको.

तेव्हा थांबावं लागणारच, हे धरूनच या.

कोनाडा

पंच, तक्रार नव्हती हो. पण २१ तासांचं गणित कधी कोणी असं मांडून दाखवलं नव्हतं.

तात्या_डोंबिवली

ह्याच गणिताची दुसरी बाजू. ६४ च्या चार्टमध्ये न हरता गेलात तर अंतिम सामना धरून सात सामने. पहिलाच सामना हरलात आणि लूजर्स साइडने (एकदा हरलेल्यांच्या बाजूने) अंतिम फेरी गाठायची म्हटलं तर बारा! म्हणजे सकाळी साडेदहाचा झोपाळू सामना हा दिवसातला सर्वांत महागडा सामना आहे. लोक दुपारच्या सुस्तीचं बोलतात, मी म्हणतो सकाळचं आधी बघा. मी डोंबिवलीहून दोन गाड्या बदलून येतो. तरी हॉल उघडायच्या आधी दाराशी उभा असतो आणि अर्धा तास सराव करून मगच पहिला सामना खेळतो. गरम होऊन उतरायचं. संध्याकाळची निम्मी दमणूक तिथेच वाचते.

निळाचॉक

हे चार्टचं कधी लक्षातच आलं नव्हतं. सात आणि बारा, केवढा फरक!

नवखा_२१

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझं अंग दमत नाही, हात थरथरतो. रेस ६-६ झाली की ब्रिजचा (क्यूला पुढून आधार देणारा) हात स्थिर राहत नाही. एका मित्राने सांगितलं की स्टेजवर जाण्याआधी लोक एक गोळी घेतात, धडधड थांबते. कोणी घेतली आहे का?

डॉक्टर_सावंतवाडी

नवखा, ती गोळी घेऊ नकोस. मित्र म्हणतोय ती बीटा ब्लॉकर गटातली असणार. दोन कारणं.

एक, वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत तिरंदाजी, नेमबाजी, गोल्फ यांच्याबरोबर बिलियर्ड्सचे सगळे प्रकार आहेत, पूलसुद्धा. स्पर्धेच्या काळात बीटा ब्लॉकर घेणं म्हणजे उत्तेजक घेणंच. बंदी का, ते तुझ्या प्रश्नातच आहे: हात स्थिर करणं म्हणजे या खेळात थेट फायदा. कॅनडाचा स्नूकरपटू बिल वर्बेन्यूक हाताच्या कंपासाठी बिअरवर बिअर प्यायचा आणि सोबत याच गटातली गोळी घ्यायचा. गोळीवर बंदी आली आणि त्याची कारकीर्द आटोपली.

दोन, आणि माझ्या दृष्टीने हे जास्त महत्त्वाचं, दम्याच्या माणसाला ही गोळी जिवावर बेतू शकते. नाडी आणि रक्तदाब खाली येतात. ही मित्राने द्यायची गोष्ट नाही. हात एरवीही, चहाचा कप धरतानाही थरथरत असेल तर डॉक्टरांना दाखव. फक्त ६-६ लाच थरथरत असेल तर तू निरोगी आहेस.

थरथर कमी करायला श्वास लांब सोड. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. टेबलाकडे जाताना असे चार श्वास, मगच वाक. आणि दिवसभरात कॉफी किती झाली ते बघ. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. दुपारी दोनला, चारला आणि सहाला घेतलेल्या कॉफ्या सातच्या सामन्यात एकत्र हजेरी लावतात. थरथरीचं निम्मं कारण तेच असायचं.

नवखा_२१

धन्यवाद डॉक्टर. लहानपणी दमा होता मला. बरं झालं इथे विचारलं.

रांगडा_कोल्हापूर

डॉक्टरसाहेब, मंग चहा बंद करायचा का काय? तेवढं नका सांगू.

डॉक्टर_सावंतवाडी

चहा बंद नको. रोज जेवढा घेता तेवढाच, रोजच्याच वेळी. ज्याला रोज चार वाजता चहा लागतो त्याने स्पर्धेच्या दिवशी तो सोडला तर डोकं धरायचं. आणि ज्याला सवय नाही त्याने तरतरी यावी म्हणून कडक कॉफी घेतली तर हात धरायचा. स्पर्धेच्या दिवशी नवीन काही नाही, ना खाण्यात ना पिण्यात.

पाण्याचंही सांगतो. एसी हॉलमध्ये घाम येत नाही म्हणून तहान कळत नाही. बाटली खुर्चीशेजारी ठेवा, आपली पाळी नसेल तेव्हा घोट घोट. आमच्या तळकोकणात कोकम सरबत असतं, मीठ-जिरं घातलेलं. मी तेच सुचवेन. थंडपेयाची साखर चढते तशीच उतरते.

तात्या_डोंबिवली

आणि बिअरबद्दल बोला की. 'एक घेतली की हात सैल होतो' असं म्हणणारे प्रत्येक पूल पार्लरमध्ये आहेत.

लुईव्हिलकर

तात्या, इथे बहुतेक पूल हॉलमध्ये बारच असतो, म्हणून जवळून पाहिलंय. पहिल्या बिअरने हात सैल होतो हे खरं असेलही. पण बिअर घेणारा माणूस रात्री अकराला सेफ्टी खेळत नाही, प्रत्येक शॉट मारायलाच जातो. हाताआधी निर्णय सैल होतो. रात्रीचे सामने तर निर्णयांवरच ठरतात.

अवंती_के

लुईव्हिलकरांच्या शेवटच्या वाक्याला +१०००.

एक बाजू अजून कोणी लिहिली नाही. बायकांसाठी दिवसभराची स्पर्धा म्हणजे आणखी चार गोष्टी. बऱ्याच पार्लरमध्ये स्वच्छतागृह एकच, तेही असं की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग दुपारी डोकं दुखणारच. पाळीच्या दिवसांत कंबर आधीच दुखत असते, त्यात दहा तास वाकायचं. मी पट्टा आणि गरम पाण्याची पिशवी बरोबर ठेवते. कोणाला काय वाटेल याचा विचार करत नाही. आणि रात्री साडेबाराला सामना लागला की 'घरी कशी जाणार' हा विचार मागे चालूच राहतो. पुरुष खेळाडूच्या डोक्यात त्या वेळी फक्त नऊ नंबर असतो, माझ्या डोक्यात रिक्षाही असते. मी आता सकाळीच परतीचं ठरवून टाकते. कोणाबरोबर, कोणत्या गाडीने. ते एकदा पक्कं झालं की संध्याकाळी डोकं मोकळं राहतं. माझ्या खेळात सर्वांत जास्त फरक कशाने पडला असेल तर याने. चिक्की नंतर.

आयोजकांना विनंती: महिलांचे सामने रात्री उशिरा ठेवू नका.

पंचमहाशय

अवंतीताई, नोंद घेतली. आमच्या पुढच्या स्पर्धेत महिलांच्या गटाचे सगळे सामने संध्याकाळी सातच्या आत संपतील असा चार्ट करतो. शक्य आहे, फक्त सकाळचा क्रम बदलावा लागेल. स्वच्छतागृहाचंही हॉलच्या मालकाशी बोलतो.

मंजिरी_फिजिओ

वा, धाग्यातून काहीतरी प्रत्यक्ष घडतंय! छान वाटलं.

अवांतर, पण विषयाला धरूनच: कॅनडातल्या जोन व्हिकर्स यांनी नेमबाजी, गोल्फ, बास्केटबॉल अशा खेळांत खेळाडूंची नजर कुठे आणि किती वेळ टिकते याचा अभ्यास केला. शॉटच्या आधीच्या त्या शेवटच्या स्थिर नजरेला त्यांनी 'क्वाएट आय' नाव दिलं. बिलियर्ड्स खेळणाऱ्यांवरही असा अभ्यास झाला आहे: तरबेज खेळाडूंची नजर शॉटआधी लक्ष्यावर जास्त वेळ स्थिर असते. मला हे वाचून नवऱ्याचे व्हिडिओ आठवले. सकाळच्या सामन्यात तो तीनदा क्यू पुढेमागे करतो, मागे नेऊन क्षणभर थांबतो, मग मारतो. रात्रीच्या व्हिडिओत तो क्षणच नाहीसा झालेला.

कोनाडा

मंजिरीताई, हे वाचून मी आत्ता माझे जुने व्हिडिओ काढून बसलो. तंतोतंत तेच! सकाळी प्रत्येक शॉटआधी क्यूच्या टिपेला (टोकाला) चॉक लावतो, टिपेकडे बघतो, लाइन उभ्यानेच ठरवतो आणि मग वाकतो. रात्री आठच्या सामन्यात चॉक दोन-तीन शॉटांनी एकदा, आणि वाकल्यावर लाइन शोधतोय. बॉल पॉकेटमध्ये पडायच्या आत उठूनही उभा राहतोय.

जुनाजाणता

मग तुमचं औषध तुमच्या हातातच आहे: चॉक. चॉक लावायला तीन सेकंद लागतात. त्या तीन सेकंदांत वाकायचं नाही, बोलायचं नाही, स्कोअर बघायचा नाही. लाइन उभ्याने ठरवायची. दमलेल्या माणसाला 'एकाग्र हो' म्हणून काही होत नाही, पण 'चॉक लाव' म्हटलं तर तो लावू शकतो. मन आवरत नसेल तेव्हा हाताला काम द्यायचं. विल्सन जोन्स, आपल्या पुण्यात जन्मलेले, १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, भारताचे पहिले. आमचे मार्कर लोक त्यांच्याबद्दल बोलत तेव्हा अचाट शॉटांचं वर्णन करत नसत, शांतपणाचं करत.

निळाचॉक

माझ्या आयडीचं सार्थक झालं!

रांगडा_कोल्हापूर

नाद खुळा काका! पण माझं एक म्हणणं हाय. तुम्ही सगळी मंडळी दमू नये म्हणून बोलताय. मी म्हणतो दमणारच. शेवटच्या सामन्यात समोरचा पण दमलेलाच असतोय की. मंग दमल्यावर खेळायचा सराव का करत न्हाई आपण? आमच्याकडं कुस्तीत अंग गळाल्यावरच खरी मेहनत चालू होते. मी आठवड्यातनं एकदा दुकान बंद करून, रात्री दहानंतर, अंग मोडून आलेलं असताना जाऊन खेळतो. तवा अवघड शॉट बंद. सोपं घ्यायचं, सेफ्टी जास्त, ब्रेक निम्म्या जोरात. दमल्यावर आपला खेळ कसला हाय ते म्हाईत पाहिजे.

लुईव्हिलकर

रांगडा, हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवण्यासारखा आहे. १९९६ मध्ये हाँगकाँगला एफ्रेन रेयेस आणि अर्ल स्ट्रिकलँड यांच्यात रेस टू १२० झाली होती. तीन दिवस, बक्षीस एक लाख डॉलर, आणि निकाल १२०-११७ असा रेयेसच्या बाजूने. तिसऱ्या दिवशी दोघांपैकी ताजा कोण असणार? दमूनही जो कमी चुकला तो जिंकला.

घोडदौड

दमल्यावर सोपं खेळायचं हे बुद्धिबळालाही लागू. वेळ कमी असताना आम्ही वजिरांची मारामारी करून डाव सोपा करतो. रांगडा यांचं म्हणणं मी प्रशिक्षकांना दाखवणार आहे.

तात्या_डोंबिवली

मी थोडा असहमत. नोकरी करून, लोकलचा प्रवास करून रात्री दहाला पुन्हा टेबलाशी उभं राहायचं म्हणजे झोप मारायची. पन्नाशीनंतर झोप हाच मोठा सराव. स्पर्धेच्या आदल्या दोन रात्री मी साडेदहाला झोपतो. नुसती आदली रात्र पुरत नाही, त्या रात्री उत्सुकतेने झोप लागत नाही, म्हणून त्याच्या आधीचीही धरायची.

रांगडा_कोल्हापूर

तात्या, वयाचं मान्य. मी तिशीतला हाय.

डॉक्टर_सावंतवाडी

दोघंही बरोबर. आणि दुपारी जागा मिळाली तर वीस मिनिटं डोळे मिटा, गजर लावून. तासभर झोपलात तर उठल्यावर अंग जड होईल आणि तेवढ्यात तुमचंच नाव पुकारलं जाईल.

अवंती_के

त्यासाठी तरी नाव कधी लागणार ते कळायला हवं! तिथेच सगळं अडतं. कोनाडाचा मूळ प्रश्न तोच तर आहे. किती वेळ आहे हे माहीत नसल्यामुळे माणूस ना जेवू शकत, ना झोपू शकत, ना बाहेर जाऊ शकत. 'आत्ता लागेल, आत्ता लागेल' करत तीन तास जातात.

जुनाजाणता

बरोबर बोललात. वाट बघण्याने माणूस जितका दमतो तितका खेळून दमत नाही.

कोनाडा

अवंती, अगदी हेच. नेमकं काय दमवतं ते मला मांडता येत नव्हतं. तास माहीत असता तर मी घरी जाऊन आलो असतो.

पंच, असं करता येईल का: प्रत्येक टेबलावर पुढचे दोन सामने कोणते, एवढं ग्रुपवर टाकत राहायचं? अचूक वेळ नको. 'तुमच्या आधी दोन सामने आहेत' एवढं कळलं तरी पुरे.

पंचमहाशय

करता येईल. स्कोअरशीट घेणारा मुलगा असतोच, त्याच्याकडे ते काम देतो. शिवाय लूजर्स साइड रेस टू फाइव्ह करायचा विचार आहे, म्हणजे रात्रीचे दोन-अडीच तास वाचतील. पण एक अट. ग्रुपवर नाव आल्यावर पंधरा मिनिटांत टेबलाशी नसाल तर सामना गेला. मग 'मी गाडीत झोपलो होतो' सांगायचं नाही.

तात्या_डोंबिवली

लूजर्स साइड रेस टू फाइव्हला माझा विरोध. आधीच बारा सामने, त्यात लहान रेस म्हणजे नशिबाचा खेळ. त्यापेक्षा शॉट क्लॉक लावा, तीस सेकंदांचं.

पंचमहाशय

सहा टेबलांना सहा घड्याळवाले कुठून आणू, तात्या? तुम्ही येता का बसायला?

तात्या_डोंबिवली

हरल्यावर येतो. पण तुमच्या पंधरा मिनिटांच्या नियमात पहिल्या सामन्याला सूट ठेवा, रविवारी मेगाब्लॉक असतो.

पंचमहाशय

पहिल्या सामन्याला अर्धा तास. चार्ट आदल्या रात्री नऊला ग्रुपवर टाकतो. ज्यांना यायचंय त्यांनी गुरुवारपर्यंत नावं द्या.

नवखा_२१

माझं नाव घ्या. चॉक आणि कोकम दोन्ही घेऊन येतो.